पाहुणे किती, पाने किती?

अलिबागला गेलात तर तेथील चुंबकीय वेधशाळा बाहेरून का होईना, जरूर पाहा. मुंबईत १९०७ साली विजेच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या. त्यांच्या प्रवाहाने कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय वेध बिघडणार, म्हणून हे काम आधीच अलिबागला हलविले. पण एकदम नव्हे. १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्हीकडे वेध घेऊन आकडे ताडून पाहिले. एका प्रोसेसरवरची आज्ञावली दुसऱ्यावर नेताना हीच सावधगिरी हवी.

समजा, तपमानाच्या नोंदींची सरासरी काढणारे फलन तुम्ही सी भाषेत लिहिले. नोंदी आज तीन, उद्या आठ. सी मध्ये अशी कमीजास्त मूल्ये देता येतात. छपाईचे 'प्रिंटएफ' त्याच जातीचे. मात्र मूल्ये किती व कोणत्या प्रकारची, हे फलनाला आपोआप कळत नाही. म्हणून आधी संख्या सांगावयाची, मग नोंदी द्यावयाच्या.

ही मूल्ये ठेवतात कोठे? ३२ बिटांच्या इंटेल प्रोसेसरवर ती सामान्यतः स्मृतीतील 'स्टॅक' नावाच्या भागात ओळीने असत. पहिल्याचा पत्ता धरून पुढे सरकायचे, ही युक्ती तेथे चाले. ६४ बिटांच्या इंटेलवर लिनक्स असेल तर ती फसते. तेथे पहिली सहा पूर्णांक मूल्ये एका गटाच्या रजिस्टरांत, पहिली आठ दशांश मूल्ये दुसऱ्या गटात, आणि उरलेली स्टॅकवर जातात. ॲपलच्या एआरएम संगणकांवर अनिश्चित भागातील सगळीच मूल्ये स्टॅकवर! युक्ती चुकली तरी संगणक बहुधा ओरडत नाही; खोटी सरासरी गुपचूप छापतो.

म्हणून १९८९ च्या प्रमाणित सी मधील 'व्हीए-स्टार्ट', 'व्हीए-आर्ग' व 'व्हीए-एंड' वापरावे. मूल्य कोठे आहे हे कंपायलर पाहतो, तुम्ही फक्त प्रकार सांगता. तो मात्र अचूक हवा. 'फ्लोट' पाठविले तरी ते 'डबल' होऊन पोचते, तेव्हा मागायचे 'डबल'च.

आता करून पाहा. संख्या तीन, नोंदी २७.५, २८ आणि २८.५ अशा द्या. फलन तिन्ही वेळा 'डबल' मागते. २८ पुढे '.०' नाही, म्हणून ते पूर्णांक ठरते. वर सांगितलेल्या लिनक्सवर ते पूर्णांकांच्या रजिस्टरात बसते. फलनाला दुसरी नोंद म्हणून २८.५ मिळते आणि तिसरी म्हणून तेथे पूर्वीचे जे काही पडले असेल ते. ३२ बिटांवर निराळीच चूक होईल. ती कोणती, हे कागदावर स्टॅकची चौकट आखून शोधा. 'डबल'ला आठ बाइट लागतात आणि पूर्णांकाला चार.