तिथे चालतं, पण फॉर्ममध्ये काय लिहायचं?

परदेशी शिकणाऱ्या मुलांचे पालक अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात, आणि विचारताना त्यांचा आवाज हमखास खाली जातो. मुलगा कॅनडात किंवा जर्मनीत आहे. मित्रांबरोबर एक-दोनदा गांजा ओढल्याचं त्यानेच घरी सांगितलं. तिथे ते कायद्याने चालतं. पण उद्या परत येऊन यूपीएससी किंवा एमपीएससी द्यायची म्हटली, तर वाट बंद झाली का?

बंद झालेली नाही. मात्र ‘तिथे चालतं’ एवढ्यावर निर्धास्त होणंही बरोबर नाही.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना गांजाची मुभा दिली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला २५ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगता येतो. थायलंडने जून २०२२ मध्ये तो अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. या कायद्यांचा अर्थ इतकाच, की ठरलेल्या मर्यादेत तिथले पोलीस तुम्हाला हात लावणार नाहीत. पासपोर्ट भारताचा असेल तर भारताचा कायदा सुटत नाही. आपला अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा १९८५ चा. २००१ च्या दुरुस्तीने त्याच्या पहिल्याच कलमात स्पष्ट लिहिलं गेलं, की भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही तो लागू आहे. गांजाच्या सेवनाला कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. परदेशात घडलेल्या गुन्ह्याचा खटला इथे चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, त्यामुळे टोरांटोच्या एखाद्या बाल्कनीत झालेल्या गोष्टीसाठी पुण्यात पोलीस दारात येतील अशी भीती बाळगण्याचं कारण नाही. पण आपण केलं ते भारताच्या नजरेत ‘कायदेशीर’ होतं, असं मुलाने समजू नये.

सरकारी नोकरीचा प्रश्न खरा उभा राहतो तो निवड झाल्यावर, अॅटेस्टेशन फॉर्म हातात पडतो तेव्हा. केंद्र सरकारच्या या फॉर्मच्या माथ्यावरच इशारा छापलेला असतो: खोटी माहिती दिली किंवा खरी माहिती दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल. खाली प्रश्नांची रांग असते. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? खटला चालला आहे का? स्थानबद्ध केलं होतं का? न्यायालयाने दंड केला आहे का? दोषी ठरवलं आहे का? एखादं प्रकरण प्रलंबित आहे का? विद्यापीठाने परीक्षेला बसायला बंदी घातली होती का? हे प्रश्न नीट वाचा. ‘तुम्ही कधी गांजा ओढला आहे का’ असा प्रश्न त्यात नाही. पोलीस, न्यायालय किंवा विद्यापीठाची कारवाई झालीच नसेल, तर घाबरून नको ते कबुलीजबाब लिहीत बसू नका. पण यातलं काहीही झालं असेल, मग ते व्हँकुव्हरला असो वा बर्लिनला, तर ते लिहायलाच हवं. फॉर्म दिल्यानंतर असं काही घडलं तरी ते कळवावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात यावर सविस्तर निकाल दिला. सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. तरुण वयातल्या किरकोळ प्रकरणाकडे नियुक्ती करणारा विभाग काणाडोळा करू शकतो, असं न्यायालय म्हणतं. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच याची हमीही ते देत नाही. विभागाला पूर्ववृत्त तपासण्याचा अधिकार राहतोच. पण जाणूनबुजून दडवलं, तर ते दडवणंच उमेदवाराविरुद्ध उभं राहतं. चांगली मुलं इथेच अडकतात, आणि बऱ्याचदा घरातल्या मोठ्यांच्या सल्ल्याने.

एका बाबतीत मात्र मी फार कडक आहे. सुटीत घरी येताना बॅगेत काहीही आणायचं नाही. कॅनडात दुकानात मिळणाऱ्या गांजाच्या गमीज साध्या गोळ्यांसारख्या दिसतात. रंगीत, साखर लावलेल्या, पाकिटावर टीएचसीचं, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं, प्रमाण छापलेलं. मुंबई विमानतळावर त्या सापडल्या तर बिल दाखवून सुटका नाही. तो अमली पदार्थ देशात आणल्याचा गुन्हा होतो, आणि फॉर्मवरच्या ‘अटक झाली आहे का’ या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी कायमचं बदलतं.

अमेरिकेची गोष्ट वेगळी, आणि तिथल्या मराठी कुटुंबांनी ती नीट समजून घ्यावी. कोलोरॅडोत जानेवारी २०१४ पासून गांजा दुकानात मिळतो, पुढे बऱ्याच राज्यांनी तोच मार्ग धरला. पण संघीय सरकारने १९७० च्या कायद्यात गांजाला सर्वांत कडक वर्गात टाकलं, आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या आदेशाने संघीय कर्मचाऱ्यांना बेकायदा अमली पदार्थांपासून दूर राहण्याची अट घातली. न्यू जर्सीत जन्मलेली आपली मुलगी एफबीआयमध्ये जाऊ इच्छित असेल, तर अर्जाच्या आधीच्या एक वर्षात तिने गांजा घेतलेला चालत नाही, देशात असो वा परदेशात. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. अठरा वर्षांच्या आधी घेतला असेल तर तेवढ्यावर अपात्र ठरवत नाहीत. सुरक्षा मंजुरीसाठीचा एसएफ-८६ हा फॉर्म मात्र थेट विचारतो: गेल्या सात वर्षांत अमली पदार्थ घेतले का? राज्याच्या कायद्याने मुभा असली तरी उत्तर द्यावंच लागतं. तिथे खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा संघीय गुन्हा आहे.

विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांची जोखीम याहून मोठी. अटक झालेली नसली, तरी गांजा घेतल्याच्या, अधिकाऱ्यासमोर दिलेल्या नुसत्या कबुलीवरून अमेरिकेत पुन्हा प्रवेश नाकारला जाऊ शकतो. मग तो कॅलिफोर्नियातल्या परवानाधारक दुकानातून घेतलेला का असेना. अशा वेळी खोटं बोलू नये. वकिलाशी बोलल्याशिवाय उत्तर देणार नाही, एवढं शांतपणे सांगावं.

वैमानिक किंवा एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचं असेल तर आणखी एक गोष्ट. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या अमली पदार्थ तपासणीत गांजाही येतो. दारू काही तासांत उतरते. गांजातला टीएचसी शरीरातल्या चरबीत साठतो आणि नियमित घेणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे सापडतो. सुटीत परदेशी घेतला आणि परत येऊन ड्युटीवर हजर झालो, हा हिशेब तिथे बसत नाही.

विद्यार्थ्यांना माझं सांगणं सरळ आहे. सरकारी सेवेचा विचार मनात असेल तर परदेशात असताना हा नाद करू नका. करून बसला असाल तर आजपासून थांबवा, आणि पोलीस, न्यायालय किंवा विद्यापीठाकडून आलेला प्रत्येक कागद जपून ठेवा. पालकांनो, मुलाने स्वतःहून सांगितलं असेल तर त्याच्यावर ओरडू नका, नाहीतर उद्या अटक झाली तर ती तो तुमच्यापासूनही लपवेल. कारवाई झालेली असेल तर फॉर्म भरण्याआधी एनडीपीएसची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. आणि कृपा करून ‘कोणाला कळतंय, नाही लिहून टाक’ असं सांगू नका.