घटक ४ : प्रवासवर्णनातील काळभान – किनाऱ्यावरील पदभ्रमण आणि खाडी

४.१ उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• भरती-ओहोटीविषयीची मराठी शब्दसंपदा स्पष्ट करता येईल.
• प्रवासलेखनात वेळेच्या नेमक्या नोंदीचे महत्त्व सांगता येईल.

४.२ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, डोंगरवाटेचे वर्णन स्थळाला धरून करता येते. किनाऱ्यावरील वाटेचे तसे नाही. सकाळी जेथे पुळण असते, तेथे दुपारी पाणी असते. म्हणून अशा लेखनात ‘कोठे’ इतकेच ‘केव्हा’ महत्त्वाचे ठरते.

४.३ विषय-विवेचन
कोकणात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती म्हणजे ‘उधाण’, तर अष्टमीच्या आसपासची लहान भरती म्हणजे ‘भांग’. उधाणाच्या दिवसांत पाणी जितके चढते तितकेच खोल ओसरते; भांगात चढउतार कमी असतो.

तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा किनाऱ्यावरील जुना ठोकताळा आहे. दशमीला १० ची पाऊणपट साडेसात. म्हणजे भरती साडेसातला आणि ओहोटीचा तळ दीड-पावणेदोनच्या सुमारास. पौर्णिमेला हीच भरती सव्वाअकराला येते.

आता दापोली तालुक्यातील केळशी ते हर्णै ही वाट पाहू. केळशीहून दक्षिणेस निघालेल्या पांथस्थाला आडे, मग कड्यावरच्या गणपतीचे आंजर्ले आणि पुढे जोग नदीची खाडी लागते. खाडीपलीकडे पाजपंढरी व हर्णै. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. पूर्वी ही खाडी तरीने ओलांडत. आता पूल आहे. परंतु जेथे पूल नाही, अशा लहान खाड्या आजही ओहोटी साधूनच ओलांडाव्या लागतात.

अशा खाडीविषयी पुढील दोन वाक्ये पाहा :
(अ) दुपारी एक वाजता आम्ही खाडी सहज पार केली.
(आ) दशमी होती. दुपारी एकला पाणी अजून ओसरत होते आणि गुडघ्याएवढेच होते, तेव्हा आम्ही खाडी पार केली.

पहिले वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. त्यावर विसंबून कोणी पौर्णिमेला दुपारी एकला तेथे उतरला, तर भरती होऊन दोन तासही झालेले नसतील. खाडी भरलेली असेल आणि ओसरत्या पाण्याची ओढ त्याला समुद्राकडे नेईल. दुसरे वाक्य तिथी, पाण्याची दिशा आणि खोली सांगते. पाणी तळाला जाण्याच्या थोडे आधी उतरल्याने परतण्यास अवधी राहतो, हेही त्यातून कळते. तरीही ठोकताळा हा अंदाजच. खाडीचा आकार व पावसाळ्यातील पूर यांमुळे वेळ आणि खोली बदलते. म्हणून स्थानिक मच्छीमारांना किंवा तरीवाल्यांना विचारणे आवश्यक असते, आणि त्यांनी दिलेली माहिती हा वर्णनाचाच भाग ठरतो.

४.४ समारोप
‘उधाण’, ‘भांग’, ‘तर’, ‘पुळण’ हे शब्द केवळ स्थानिक रंगासाठी नाहीत. त्यांत पिढ्यांचे निरीक्षण साठले आहे. ते अर्थ जाणून वापरले, तर वर्णन सुंदर होते आणि विश्वासार्हही.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्न
१. ‘उधाण’ व ‘भांग’ यांतील फरक सांगा.
२. द्वादशीला भरती व ओहोटी अंदाजे केव्हा येईल?
३. आपल्या परिसरातील एखाद्या जलमार्गाचे, वेळेची नोंद ठेवून, दहा ओळींत वर्णन करा.