मोफत खाते आणि कापलेला आकार : पवईतील एका अभ्यासाचा बोध

सतरा रुपये सत्तर पैसे ही रक्कम पासबुकाच्या एका ओळीत सहज मावते आणि तितक्याच सहजपणे नजरेतून निसटते. परंतु हीच ओळ कोट्यवधी पासबुकांत उमटली, म्हणजे तिची बेरीज शेकडो कोटी रुपयांवर जाते. ही बेरीज मांडून दाखविण्याचे काम मुंबईच्या उपनगरात, पवई येथे १९५८ साली सुरू झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले. तेथील गणित विभागातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांच्या अहवालांमुळे गरिबांच्या मोफत खात्यावरील आकारणीचा प्रश्न देशापुढे आला.

हक्काचे खाते

रिझर्व्ह बँकेने २००५ साली अल्प शिल्लक ठेवणाऱ्यांसाठी साध्या खात्याची कल्पना पुढे आणली. ऑगस्ट २०१२ मध्ये तिला ‘मूलभूत बचत बँक ठेव खाते’ असे रूप देण्यात आले. या खात्यात किमान शिल्लक ठेवण्याची अट नाही. पैसे भरणे, महिन्यातून चार वेळा काढणे आणि एटीएम कार्ड या सेवा विनामूल्य मिळाव्यात, असे ठरले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनधन योजनेतील खाती याच प्रकारची आहेत. हे खाते म्हणजे बँकेने केलेला उपकार नव्हे. नियमाने दिलेला तो हक्क आहे.

पाचव्या व्यवहाराचा प्रश्न

महिन्यातील चार वेळांनंतर पाचव्यांदा पैसे खर्ची पडले, तर काय? पवईतील अभ्यासाचे म्हणणे असे की, अधिक वेळा पैसे काढू द्यावेत की नाही, हे ठरविण्याची मुभा बँकेला होती. मात्र काढू दिल्यास त्यासाठी आकार घेता येत नव्हता. प्रत्यक्षात स्टेट बँकेने अशा प्रत्येक व्यवहारामागे १५ रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे १७.७० रुपये आकारले. एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार २०१५ ते २०२० या काळात सुमारे १२ कोटी खात्यांवरून ३०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम याप्रकारे गोळा झाली. आपली आकारणी रिझर्व्ह बँकेच्या सूचनांना धरूनच होती, अशी भूमिका स्टेट बँकेने मांडली.

महाराष्ट्रात २०१९-२० मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २०६ रुपये होती. त्या हिशेबाने एका आकारात दिवसाच्या मजुरीचा सुमारे बारावा हिस्सा गेला. शिवाय यांतील अनेक व्यवहार रोख रकमेचे नव्हते. रुपे कार्ड किंवा यूपीआयद्वारे केलेली छोटी खरेदीही ‘पैसे काढणे’ म्हणून मोजली गेली. रोखीविना व्यवहार करा, असे ज्याला सांगितले, त्यालाच त्याबद्दल आकार द्यावा लागला.

परतफेड आणि तिची मर्यादा

१ जानेवारी २०२० पासून रुपे व यूपीआय व्यवहारांवर आकार घेण्यास कायद्याने मनाई झाली. त्यानंतरही घेतलेली रक्कम परत करावी, असा सल्ला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३० ऑगस्ट २०२० च्या परिपत्रकाद्वारे बँकांना दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्टेट बँकेने परतफेड सुरू केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये समोर आलेल्या पवईच्या दुसऱ्या अहवालानुसार, एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात अशा किमान १४ कोटी व्यवहारांवर २५४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम घेण्यात आली होती. त्यांपैकी सुमारे ९० कोटी परत झाले आणि १६४ कोटी राहिले.

यातील बोध महत्त्वाचा आहे. जी रक्कम परत मिळाली, ती खातेदाराने अर्ज केल्यामुळे नव्हे, तर वरून आदेश निघाल्यामुळे मिळाली. १७.७० रुपयांसाठी शाखेत जाण्याचे एसटीभाडे आणि बुडालेली मजुरी मूळ रकमेहून अधिक होते. म्हणून छोट्या रकमांची परतफेड मागणाऱ्यालाच, असे धोरण ठेवले, तर ती बहुतेकांना कधीच मिळणार नाही.

मोफत सेवेचा खर्च

सेवा मोफत दिली तरी तिला खर्च येतो, हे बँकांचे म्हणणे खरे आहे. मात्र तो कोणाकडून वसूल करावा, हा न्यायाचा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये शिल्लक असणाऱ्यास सेवा मोफत आणि शिल्लक संपून उचल झाल्यास जबर आकार, अशी रीत होती. २००६ पासून तेथील असंख्य खातेदारांनी हे आकार परत मागितले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बँकांच्या बाजूने लागला. तरीही एप्रिल २०२० पासून नियामक संस्थेने असे ठोक आकार बंद केले. संपन्न खातेदाराच्या मोफत सेवेचा भार तंगीत असलेल्याने उचलावा, ही रीत अखेर टिकली नाही.

आपल्याकडेही जनधन खाती रिकामी नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांची संख्या ५० कोटींवर गेली, तेव्हा त्यांतील ठेवी दोन लाख कोटी रुपयांहून अधिक होत्या. म्हणजे खात्यामागे सरासरी चार हजार रुपये. ही अल्प व्याजाची ठेव बँकेच्या उपयोगी पडते. लहान रकमांच्या रुपे व यूपीआय व्यवहारांसाठी केंद्र सरकारने बँकांना प्रोत्साहनपर रक्कमही दिली आहे. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये आणि कॅनरा बँकेने जून २०२५ मध्ये बचत खात्यांवरील किमान शिल्लकेचा दंड रद्द केला. यावरून मोफत खात्याचा मार्ग अव्यवहार्य नाही, हे दिसून येते.

गावपातळीवरील कर्तव्य

पवईत जे संख्याशास्त्राने साधले, ते गावात पासबुक वाचनाने साधता येईल. ग्रामसभेच्या दिवशी पासबुके भरून आणण्यास सांगावे आणि शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी आकाराच्या नोंदी खातेदारास समजावून द्याव्यात. आपले खाते मूलभूत प्रकारचे आहे काय, हे प्रथम शाखेत विचारून घ्यावे. साधे बचत खाते या प्रकारात बदलून मागता येते. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

चुकीचा आकार दिसल्यास तारीख, रक्कम व व्यवहाराचा प्रकार लिहून शाखेत अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अनेक खातेदारांची तक्रार एकच असेल, तर पंचायतीने सर्वांचे अर्ज एकत्रितपणे पोचवावेत, म्हणजे प्रत्येकाचा हेलपाटा वाचेल. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क पडत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

एकट्या खातेदाराचे सतरा रुपये कोणाच्याही लक्षात येत नाहीत. गावाने मिळून केलेली बेरीज मात्र दुर्लक्षिता येत नाही. खाते उघडून देण्याने समावेशनाचा आरंभ होतो. त्या खात्यातील पै न् पै खातेदाराचीच राहील, हे पाहण्याने तो पूर्ण होतो.