नातेपुत्याचा माळ, बारा महिने

पहिला पाऊस पडला की पाठपिशवी भरून घाटमाथा गाठायचा, ही आपल्या भटक्यांची जुनी सवय. तीच सवय घेऊन जुलैत नातेपुत्याला गेलात, तर डोक्यावरून ढग पळताना दिसतील आणि पायाखाली बहुधा कोरडी माती असेल. महाबळेश्वरला वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. माळशिरस तालुक्यात येईतो तो साधारण 500 च्या घरात उतरतो. घाटावर रिते झालेले ढग इथे नुसती सावली देऊन जातात. खरा पाऊस येतो तो परतीचा, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत, सप्टेंबरच्या मध्यापासून. त्यामुळे इथलं भटकंतीचं वर्ष जूनमध्ये सुरू होत नाही, ते दसऱ्याच्या आसपास सुरू होतं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं नियोजन झालं म्हणून समजा.

नातेपुते आहे फलटण-पंढरपूर रस्त्यावर, म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी मार्गावर. पश्चिमेला बरड आणि धर्मपुरी, पूर्वेला सदाशिवनगर आणि माळशिरस. पुणे, फलटण, अकलूज, पंढरपूर या बाजूंनी एसटी येते. गावात उतरल्यावर आधी दिशा समजून घ्या, कारण ढोबळ मानाने दोन वेगळे मुलूख इथे पाठीला पाठ लावून आहेत. उत्तरेकडे, नीरा नदीच्या बाजूला, वीर धरणापासून येणाऱ्या नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस, केळी आणि डाळिंब. दक्षिणेकडे माळ, मेंढरं, बाभळी आणि त्यापलीकडे शंभू महादेवाची डोंगररांग, जिच्या माथ्यावर शिखर शिंगणापूर. पायी फिरणाऱ्याने दक्षिणेला जावं आणि सायकलवाल्याने उत्तरेला, असं माझं मत आहे. कालव्याकाठच्या कच्च्या रस्त्याला सायकल छान चालते, झाडांची सावली मिळते, खंड्या आणि बगळे सोबतीला असतात. कालव्यात मात्र उतरू नका. पाणी संथ दिसतं, पण आवर्तन सुटलेलं असताना ओढ जबर असते आणि काठ निसरडे असतात.

हस्ताचा पाऊस झाला की पंधरवड्यात माळ बदलतो. तरवड पिवळाधमक फुलतो, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे बांधावर उभे राहतात, ओढ्यांना पाणी असतं. या दिवसांत फार लांब जायची गरजच नाही. गावाबाहेर तासभर चालावं, ओढ्याकाठी बसावं, परत यावं. पण कापडी बूट आणि लोकरी मोजे घालून आलात तर पस्तावाल. ऑक्टोबरपासून कुसळी गवत पिकतं आणि त्याची कुसळं मोज्यात अशी रुततात की चालणं नकोसं होतं. गुळगुळीत कापडाची पूर्ण विजार आणि घोट्यावर घट्ट पट्टी, एवढं पुरेसं. दगड उचलू नका, दगडांच्या ढिगावर बसू नका. हा फुरशाचा मुलूख आहे आणि ते मातीच्याच रंगाचं असतं. रात्री चालायचं तर विजेरी हवीच.

वर्षातून एकदाच येणं जमत असेल, तर मार्गशीर्ष-पौषात या. ज्वारी तेव्हा कमरेच्या वर गेलेली असते, पहाटे दव पडतं, दहा वाजेपर्यंत ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. कणीस दुधात भरून कोवळं असतानाचा पंधरा-वीस दिवसांचा काळ हुरड्याचा. हल्ली पैसे देऊन हुरडा पार्टी मिळते, झोपाळे आणि गाणी असतात. मी सांगेन, ओळख काढा आणि कुणाच्या तरी वस्तीवर जा. वस्तीवर कुणी दिसलं तर आधी राम राम, मग “मामा, रानातनं गेलं तर चालंल का?” एवढं विचारलं की बहुतेक वेळा वाट तर मिळतेच, शिवाय बसायला घोंगडीही मिळते. न विचारता कणीस मोडणं हा मात्र मोठा अपराध. ज्याचं वर्षाचं धान्य आणि जनावराचा कडबा त्या एका पिकावर आहे, त्याच्या रानात आपण पाहुणे असतो.

हुरडा भाजायला जमिनीत छोटी आगटी करतात, त्यात गोवऱ्यांचा विस्तव. ज्वाळ नको, निखारा हवा. कणसं त्यात खुपसायची, फिरवायची, आणि चटका बसतोय तोवरच तळहातावर चोळायची. दाणे गरम असतानाच खायचे. निवले की चव गेली. सोबत शेंगदाण्याची किंवा लसणीची चटणी, गूळ, थोडं दही. वर पाणी लगेच पिऊ नका, पोट फुगतं. हुरडा संपल्यावर कुणी हुलग्याचं माडगं पुढे केलं तर नाही म्हणू नका. थंडीत चालून आलेल्या माणसाला त्याइतकं बरं काही नाही.

याच दिवसांत भोरड्या येतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशिया आणि पूर्व युरोपाकडून येऊन आपल्याकडे हिवाळा काढतात. संध्याकाळी त्यांचा थवा ज्वारीवरून वळला की सगळं आभाळ वळल्यासारखं वाटतं. शेतकऱ्याला हे कौतुक परवडत नाही, तो माळ्यावर उभा राहून गोफण फिरवत असतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि पक्षी बघायला आलेल्याने दुसरी विसरू नये. माळावर जाल तर गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारा भोवत्या दिसेल, चंडोल दिसतील, नशीब असेल तर खोकड. मेंढ्यांच्या वाड्याजवळून जाताना लांबूनच हाक द्या. धनगरांची कुत्री राखणीची असतात, ती आपलं काम चोख करतात. पळू नका, थांबा, मालक येईल.

शिंगणापूरचा डोंगर चढायचा तर याच हिवाळ्यात चढा. नातेपुत्यापासून गाडीरस्त्याने ते वीसेक किलोमीटर आहे, पण पायी चढायची जुनी वाट कोथळ्याकडून मुंगी घाटाने जाते. घाट म्हटलं तरी ती बांधलेली वाट नाही. उभा, खडकाळ, घसरड्या मुरमाचा चढ आहे. सावली नाही, वाटेत पाण्याचा भरवसा नाही. माणशी तीन लिटर पाणी घ्या, सकाळी साडेसहाला पाऊल टाका, दोन तास हाताशी ठेवा. वर पोहोचल्यावर खाली सगळा कालव्याचा पट्टा हिरव्या काठासारखा दिसतो आणि पाणी कुठवर पोहोचलं, कुठे थांबलं, ते नकाशाशिवाय कळतं. भाटघरचं धरण 1928 साली पुरं झालं, पुढे हा उजवा कालवा आला. कालव्याच्या पाण्यावर ऊस करायला सासवडकडचे माळी बागायतदार या तालुक्यात आले आणि अकलूजजवळ माळीनगरला त्यांनी 1932 साली स्वतःचा साखर कारखाना काढला. वरून दिसणारा तो हिरवा रंग निसर्गाने एकट्याने दिलेला नाही. माथ्यावर दगडी मंदिर आहे, जवळ मालोजीराजे भोसल्यांनी बांधवलेला तलाव आहे. त्या उजाड डोंगरावर यात्रेकरूंसाठी पाण्याची सोय करावी हे ज्याला सुचलं, त्याच्याबद्दल तो चढ चढून आल्यावर आदर वाटतोच.

चैत्रात हीच वाट पूर्ण निराळी असते. शुद्ध अष्टमीला शंभू महादेवाचं लग्न लागतं आणि द्वादशीला कावडी मुंगी घाटातून वर चढतात. त्यांत सासवडकडच्या तेल्या भुत्याच्या कावडीचा मान मोठा. कऱ्हेचं पाणी खांद्यावर घेऊन आलेली माणसं त्या उभ्या कड्यावर हाताची साखळी करून कावड वर खेचतात. हे जरूर पाहा, पण घाटाच्या वाटेवर उभे राहून नाही. तिथे पाय ठेवायला जागा नसते, दगड निसटतात, आणि कावड थांबवता येत नाही. दुपारपर्यंत माथ्यावर किंवा पायथ्याच्या मोकळ्या रानात जागा धरा. ऊन चाळिशीजवळ असतं. टोपीपेक्षा ओलं केलेलं मोठं उपरणं जास्त उपयोगी.

वैशाखात मी कुणाला इथे चालायला पाठवणार नाही. यायचंच असेल तर पहाटे पाच ते आठ आणि मग थेट चिंचेची सावली. रोहिणी लागल्या की पावशा ओरडायला लागतो, मृगाचे लाल मखमली किडे पहिल्या सरीनंतर मातीवर येतात. लहान मुलांना घेऊन त्या एका दिवसासाठी यायला हरकत नाही. काळ्या रानातून मात्र पाऊस पडून गेल्यावर जाऊ नका. चिखल बुटाला धरतो आणि पाऊल उचलत नाही, शिवाय पेरलेलं रान तुडवलं जातं.

उरली आषाढाची वारी. एकादशीच्या सहाएक दिवस आधी माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. दुसऱ्या दिवशी माळशिरसकडे जाताना सदाशिवनगरजवळ पुरंदवड्याला गोल रिंगण होतं. त्या रात्री गावात राहायला खोली मिळेल अशी आशा धरू नका. फलटण किंवा अकलूजला राहा आणि पहाटे या. मी तर म्हणेन, बघायला येण्यापेक्षा बरड ते नातेपुते हा एक टप्पा एखाद्या दिंडीबरोबर चालाच. दिंडीच्या विणेकऱ्याला किंवा चोपदाराला विचारून मागे चालावं, मध्ये घुसू नये. खाऊ वाटायचा असेल तर केळी, राजगिऱ्याचे लाडू द्या, प्लास्टिकचं काही नको. रस्ता आता चौपदरी झाला, रुंदीकरणात जुनी झाडं गेली, त्यामुळे सावली तुमची तुम्ही न्यायची.

थोडं खाण्याचं. हॉटेलात मिसळ-वडा मिळतोच, पण गावच्या बाजाराचा वार विचारून तो दिवस गाठलात तर थंडीत बोरं, माघ-फाल्गुनात नवी चिंच, आणि बारा महिने ज्वारीची कडक भाकरी नेता येईल. पाठपिशवीत ठेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांच्या तोडीचं दुसरं काही नाही. ती आठवडाभर टिकते, उन्हाने बिघडत नाही आणि पाण्यात किंवा दह्यात चुरून पोटभर होते. दहिगावचं महावीराचं जैन मंदिर जवळ आहे, सायकलवाल्यांना अर्ध्या दिवसात करता येतं. वेळापूरचं यादवकालीन अर्धनारी नटेश्वर मंदिर त्याहून लांब, त्याला वेगळा दिवस ठेवा.

सायकलवाल्यांना शेवटची ताकीद. बाभळीच्या काट्यांमुळे जादा दोन ट्यूब, ठिगळं आणि पंप घेतल्याशिवाय कच्च्या रस्त्याला लागू नका. आणि नोव्हेंबर ते मार्च गाळप चालू असतं. उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडून रात्रभर कारखान्याकडे जातात, अनेकींना मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. दिवस मावळायच्या आत मुक्कामी या.