शेजारी-शेजारी दोन वर्षे

ताळेबंद म्हणजे एका दिवसाअखेरची स्थिती. तो एकटा वाचून फारसे हाती लागत नाही. मागील वर्षाचे आकडे शेजारी ठेवावेत. बेंजामिन ग्रॅहॅम यांच्या परंपरेतील सावध गुंतवणूकदार प्रथम हेच विचारतो: वाढलेला नफा गेला कोठे? रोकड वाढली, कर्ज फिटले, की केवळ उधारीची येणी व न खपलेला माल फुगला? विक्रीहून येणी वेगाने वाढत असतील, तर नफ्याचा बराच भाग अद्याप कागदावरच आहे. गावच्या सहकारी संस्थेचा अहवालही असाच वाचता येतो.

मात्र 'रोकड वाढली' या उत्तरानेही निःशंक होऊ नये. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटरच्या ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोकड व बँकशिल्लक ५,३६१ कोटी रुपये होती. त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, अशी कबुली अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्राद्वारे दिली. अनेक वर्षे फुगविलेला नफा असा मुरविला गेला होता. ३७६ कोटींचे येणे व्याजही खोटेच. आणि वार्षिक ताळेबंदांवर लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या! शिल्लक भरपूर दिसत असता कंपनी नवे कर्ज का काढते, हे भागधारकाने वार्षिक सभेत अवश्य विचारावे.