नाश्त्याचा बटाटा : काचऱ्या, भाजी आणि कीस

"डॉक्टर, साखर निघाली, आता बटाटा कायमचा बंद ना?" हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर ऐकू येतो. बटाटा सरसकट बंद करावा, या मताचा मी नाही. मात्र तो कसा परतला, किती घेतला आणि त्याच्या जोडीला ताटात काय आहे, हे पाहावेच लागते.

साधारण १०० ग्रॅमच्या मध्यम बटाट्यात सुमारे १७ ग्रॅम पिष्टमय पदार्थ व ७५ ते ८० उष्मांक असतात. परतताना मोठा चमचाभर (१५ मि.ली.) तेल घातले, तर त्याचेच १२० उष्मांक होतात. बदनाम मात्र बटाटा!

काचऱ्यांचे काप पातळ, त्यामुळे कढईतले तेल त्यांना भरपूर लागते. कडा काळपट होईपर्यंत परतण्याची हौस आवरावी. बटाटा कडक तापला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते, हे २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले आहे. माणसाच्या आहाराबाबत तसे सिद्ध झालेले नाही. घाबरू नये, पण सोनेरी रंगावर थांबावे. काप अर्धा तास पाण्यात ठेवून, निथळून, कमी तेलात टाकावेत आणि झाकणीवर पाणी ठेवून वाफवावेत. ही आपल्या आजीचीच रीत. कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. त्यांतील साखर वाढते व ते लवकर काळे पडतात.

उकडून केलेल्या पिवळ्या भाजीला फोडणीपुरतेच तेल पुरते. तिच्याबरोबर चार पुऱ्या खाऊन दोष भाजीला देऊ नये.

खरी अडचण उपवासाच्या किसाची. एका माणसाच्या बशीत दोन-तीन बटाटे सहज जातात, वर तूप आणि दाण्याचे कूट. त्याच दिवशी साबुदाणा, रताळी, खजूरही असतात. डाळ, उसळ, पोळी काहीच नसते. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी साखर चढलेली का दिसते, याचे उत्तर बहुधा इथेच सापडते. मधुमेहींनी वाटीभरच कीस घ्यावा, सोबत दही किंवा ताक व काकडी घ्यावी आणि त्या दिवशी साबुदाण्याला हात लावू नये. याउलट काही जण निर्जळी उपवास करून गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतात. यात साखर एकदम उतरून घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. उपवासाच्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन कसे घ्यावे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

रक्तदाबाच्या रुग्णांनी लक्षात ठेवावे, की सैंधव हेही मीठच आहे.

मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम कमी करण्यास सांगितले असेल, तर काचऱ्या व कीस टाळावेत. बटाट्याच्या सोललेल्या बारीक फोडी भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी फेकून मगच फोडणीला टाकाव्यात. हिरवट किंवा कडू लागणारा बटाटा मात्र कोणीच खाऊ नये. त्यातील विषारी द्रव्य परतल्याने जात नाही.