मुंबईचा विमानतळ

विमानतळ म्हणजे विमानांचा स्टॅण्ड होय. माझे काका मस्कतला कामाला गेले. नांदेडलाही विमानतळ आहे, पण तिथून मस्कतला विमान जात नाही. म्हणून त्यांना सोडायला आम्ही देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला गेलो.

पूर्वी मुंबईची विमाने जुहूला उतरत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन विमानाने तेथे आले. पण पावसाळ्यात जुहूला पाणी साचे. पुढे सांताक्रूझला मोठा विमानतळ झाला. त्याला आता छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. परदेशी विमानांसाठी सहारच्या बाजूला नवी इमारत आहे. ती २०१४ साली सुरू झाली.

तेथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. आमच्या चौफुलीवर दोन बैलगाड्या आल्या की एक थांबते, तसेच तिथे होते. चारी बाजूंनी वस्ती आहे, वाढवायला जागाच नाही. म्हणून नवी मुंबईत दुसरा विमानतळ बांधला. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथूनही विमाने उडू लागली.

तिकीट नसेल तर आत सोडत नाहीत. दारातच आजीने काकांना धपाटे बांधून दिले. ती म्हणाली, "लेकरा, पोचल्यावर फोन कर बरं." काकांचे विमान कोणते ते कळलेच नाही. मग मी वर जाणाऱ्या सगळ्याच विमानांना हात केला.

विमानतळामुळे दूरचे देश जवळ येतात, असे गुरुजी म्हणाले. काका दिवाळीला येणार आहेत.

— इयत्ता ४ थी